सांध्याचा प्रश्न : जोगेश्वरी-अंधेरी परिसरातील सार्वजनिक बांधकाम व अधिकारविभागणी

१५ एप्रिल १९५० रोजी मुंबई महापालिकेची हद्द माहीमची खाडी ओलांडून साष्टीच्या गावांवर आली. पश्चिमेकडील लोहमार्गाच्या बाजूने ती जोगेश्वरीशी थांबली आणि पूर्वेकडील लोहमार्गाच्या बाजूने भांडुपशी. पुढे १ फेब्रुवारी १९५७ रोजी दहिसर व मुलुंड येथपर्यंत तिचा दुसरा विस्तार झाला. मधली जवळजवळ सात वर्षे जोगेश्वरी हे मुंबईचे टोक होते. १९३० साली तेथील टेकडीवर स्थापन झालेले इस्माईल युसूफ महाविद्यालय सोडले, तर त्या काळच्या नागर जीवनात ह्या गावाचा उल्लेख फारसा होत नसे. लेणी पाहावयास जाणारे अभ्यासक तेवढे त्यास ओळखत. तथापि सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासात ह्या टोकाला एक विशेष महत्त्व आहे. एका संस्थेचे काम जेथे संपते आणि दुसरीचे जेथे सुरू होते, अशा रेषा ह्या परिसरात गेल्या शतकात एकीवर एक आखल्या गेल्या. त्यांपैकी काही नकाशावरून पुसल्या गेल्या. पण जमिनीवरून त्या तितक्या सहजपणे पुसल्या गेल्या नाहीत.

नागरी बांधकामातील दोषांचे निदान करताना ‘समन्वयाचा अभाव’ हा शब्दप्रयोग आता इतका रूढ झाला आहे, की त्यापुढे विचार करण्याची गरज कोणास वाटत नाही. वस्तुतः हा शब्दप्रयोग काय नाही ते सांगतो. काय आहे ते सांगत नाही. काय आहे ते पाहावयाचे असल्यास कचेऱ्यांच्या परिभाषेकडे वळावे लागते. हद्द, ताबा, हस्तांतरण आणि ना हरकत प्रमाणपत्र ह्या चार संज्ञांवर शहरातील बहुतेक सर्व कामांचा पत्रव्यवहार उभा आहे. पहिल्या दोन अरबी मूळाच्या असून महसुली व्यवहारातून आल्या. तिसरी अलीकडची संस्कृत घडण. चौथीचा इतिहास मात्र मनोरंजक आहे. ‘हरकत’ ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ हालचाल, गती असा. मराठीत तो अडथळा, आक्षेप ह्या नेमक्या उलट अर्थास पोहोचला. मूळ अर्थ घेऊन ‘ना हरकत’ हे पद वाचले, तर त्याचा अर्थ ‘हालचाल नाही’ असा होईल, आणि ज्यांनी अशी प्रमाणपत्रे मिळविण्यासाठी वर्षे घालविली आहेत त्यांना ही व्युत्पत्ती अगदीच अप्रस्तुत वाटणार नाही. ह्या चारही संज्ञा एकेका संस्थेच्या वाट्याचा निर्देश करतात. दोन वाटे जेथे जुळतात त्या जागेस सुताराच्या व गवंड्याच्या भाषेत ‘सांधा’ असा साधा शब्द आहे. कचेरीच्या परिभाषेत त्यास प्रतिशब्द नाही. आणि ज्याला नाव नाही त्याला जबाबदार अधिकारीही नाही.

मुंबईत ह्या अडचणीवर जो उपाय वारंवार योजण्यात आला, तो म्हणजे नवी संस्था निर्माण करण्याचा. त्याचे पहिले मोठे उदाहरण १८९८ च्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे. १८९६ साली प्लेगची साथ आल्यावर दाट वस्त्या मोकळ्या करणे, रुंद रस्ते काढणे व नवी निवासस्थाने उभारणे ही कामे महापालिकेच्या हातून वेगाने होणार नाहीत, असे तत्कालीन सरकारचे मत झाले आणि त्यांसाठी वेगळे विश्वस्त मंडळ नेमण्यात आले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याची फळे आजही दिसतात. परंतु एकाने रस्ता काढावा आणि दुसऱ्याने तो सांभाळावा, ह्या व्यवस्थेतून ट्रस्ट व महापालिका यांच्यामध्ये कुरबुरी चालूच राहिल्या. अखेर १९३३ मध्ये ट्रस्टचे महापालिकेत विलीनीकरण झाले. तोपर्यंत १९२० साली आणखी एक खाते, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, उभे राहून बॅक बेच्या भरावात त्याचे हात पोळलेही होते. ह्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातून साष्टीचा भाग वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला आणि जोगेश्वरीसारखी गावे एका नव्या चौकटीत आली.

हे केवळ मुंबईचे वैगुण्य नव्हे, हे सांगितले पाहिजे. १८५५ पूर्वी लंडनमध्ये रस्ते, दिवे व गटारे यांचा कारभार सुमारे तीनशे निरनिराळ्या मंडळांकडे विभागलेला होता. मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सची स्थापना त्या वर्षी झाली आणि १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटपर्यंत पोहोचल्यावर त्या मंडळास मोठी सांडपाणी योजना हाती घेण्याचे बळ मिळाले. तेथे मात्र १८८९ मध्ये त्याची जागा निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलने घेतली. मुंबईत उलट क्रम दिसतो : जुनी संस्था राहते आणि तिच्या शेजारी नवी येते.

१९५० नंतरच्या उपनगरांत ही शेजारव्यवस्था शहरापेक्षा अधिक गुंतागुंतीची झाली. जुन्या मुंबईत बस व वीज ही दोन्ही कामे बेस्टकडे असून ती संस्था १९४७ पासून महापालिकेची होती. जोगेश्वरीस बस महापालिकेची आली, पण वीज उपनगरांत १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीची होती. पुढे त्या व्यवस्थेची मालकी दोनदा बदलली. यास्तव रस्ता खोदावयाचा झाल्यास दोन खात्यांनी आपसांत बोलण्याऐवजी महापालिका आणि कंपनी यांच्यात अर्ज, परवाना आणि रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क, असा व्यवहार सुरू झाला. दूरध्वनी, वायू व नंतरच्या तारांचे जाळे ही मंडळी त्याच रांगेत पुढे येऊन उभी राहिली. लोहमार्ग तर प्रथमपासून वेगळ्याच सत्तेखाली. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वे झाली. राज्यघटनेप्रमाणे रेल्वे केंद्राच्या सूचीत आणि रस्ते व स्थानिक संस्था राज्याच्या सूचीत. जोगेश्वरी-अंधेरीच्या पूर्व-पश्चिम विभागांस जोडणारा प्रत्येक पूल ह्या दोन सूचींना ओलांडूनच जातो.

ना. वि. मोडक आणि आल्बर्ट मेयर यांनी १९४८ साली बृहन्मुंबईच्या बृहत् आराखड्याची रूपरेषा मांडली, तेव्हा उपनगरांतून उत्तरेकडे जाणाऱ्या द्रुतमार्गांची कल्पना तीत होती. पश्चिम द्रुतगती महामार्ग प्रत्यक्षात आला तो राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यामार्फत. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानंतर महानगर प्रदेशाचा एकत्र विचार होऊ लागला आणि २६ जानेवारी १९७५ रोजी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. ह्या संस्थेच्या जन्माचा हेतू लक्षात घेण्यासारखा आहे. प्रदेशातील निरनिराळ्या संस्थांच्या कामाचे नियोजन, त्यांच्यात समन्वय आणि त्यांवर देखरेख, हे तिचे मूळ काम. परंतु कालांतराने ती स्वतःच रस्ते, पूल व मेट्रोमार्ग बांधू लागली. समन्वय साधण्यासाठी आलेला मध्यस्थ बांधकामात उतरला, की समन्वय साधावयाच्या संस्थांची संख्या एकाने वाढते, एवढेच त्याचे फलित. १९९६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ आले व उड्डाणपुलांचा मोठा कार्यक्रम त्याच्याकडे गेला. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ आले. प्रत्येक वेळी कारण योग्यच होते.

ह्या सर्व थरांचे एकत्र दर्शन घ्यावयाचे असेल, तर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता जेथे महामार्गास मिळतो त्या चौकाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. हा जोडरस्ता जागतिक बँकेच्या साहाय्याने २००२ पासून चाललेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातून सध्याच्या रूपास आला. महामार्ग खात्याकडून प्राधिकरणाकडे आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्राधिकरणाकडून महापालिकेकडे गेला. महामार्गाच्या मधोमध असलेले मेट्रो ७ चे खांब प्राधिकरणाचे. त्या मार्गाचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये आणि दक्षिणेकडील टप्पा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. स्वामी समर्थ नगरापासून विक्रोळीपर्यंतच्या मेट्रो ६ चे स्थापत्यकाम प्राधिकरणाच्या वतीने दिल्ली मेट्रो महामंडळाने हाती घेतले. ह्या खांबांखालून पावसाळी पाण्याची जी गटारे जातात ती महापालिकेची. महामार्गाचे हस्तांतरण होण्यापूर्वी पावसाळ्यात येथे खड्डा पडला, तर वरचा डांबरी थर प्राधिकरणाचा, खालचे तुंबलेले गटार महापालिकेचे आणि कडेचा लोखंडी अडसर मेट्रोच्या ठेकेदाराचा, अशी त्याची त्रिविध मालकी असे. तक्रार करणाऱ्या नागरिकाच्या दृष्टीने खड्डा एकच होता.

ह्याच चौकाच्या दक्षिणेस काही अंतरावर सहाव्या शतकातील शैव लेणे आहे. ते केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असल्याने सभोवार १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, हा पुरातत्त्वविषयक कायद्याचा नियम तेथे लागू होतो. म्हणजे आणखी एक हद्द. लेण्याच्या माथ्यावर व अंगावर वस्ती चढून गेली ती हे नियम कडक होण्याच्या बऱ्याच आधी; पण तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

अधिकारविभागणीचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता मर्यादित नाही, हे जोगेश्वरीच्या दक्षिणेस लागूनच असलेल्या अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाने दाखविले. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी, ऐन वर्दळीच्या वेळी, ह्या पुलाच्या पदपथाचा पुढे आलेला भाग रुळांवर कोसळला. पाच व्यक्ती जखमी झाल्या. त्यांपैकी दोघांचा पुढे मृत्यू झाला. लागलीच जो वाद उत्पन्न झाला तो पूल का पडला ह्याविषयी नव्हता. तो कोणाचा, ह्याविषयी होता. रेल्वेमार्गावरील भागाची देखभाल रेल्वे करते व त्यासाठी महापालिका तिला पैसे देते, ही एक बाजू. पदपथ व त्यावरून नेलेल्या वाहिन्या महापालिकेच्या कक्षेतील, ही दुसरी. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासात गंजलेल्या भागांबरोबर पदपथावर वाढत गेलेल्या भाराचाही विचार झाला. तारा, वाळू, पेव्हर ब्लॉक हे सामान वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या संस्थांच्या परवानगीने तेथे आले. त्यांपैकी प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे क्षुल्लक होती. एकूण वजन किती झाले ह्याची बेरीज ज्याने करावयाची, असा कोणी नेमलेला नव्हता. अपघातानंतर रेल्वे, महापालिका व भारतीय तंत्रज्ञान संस्था (आय. आय. टी.), मुंबई यांच्या तज्ज्ञांकडून ४४५ पुलांची संयुक्त तपासणी करण्याचे जाहीर झाले. ‘संयुक्त’ हे विशेषण येथे प्रथमच कार्यवाचक होऊन आले, असे म्हणावयास हरकत नाही.

७ नोव्हेंबर २०२२ रोजी पूल वाहतुकीस पूर्णपणे बंद झाला. त्याचा पहिला भार जोगेश्वरीवर आला. वाहतूक पोलिसांनी सुचविलेल्या पर्यायी मार्गांत विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, अंधेरीचा भुयारी मार्ग आणि जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे पूल ही नावे होती. यांतील भुयारी मार्ग दर पावसाळ्यात पाण्याने भरतो, त्यामुळे वर्षाचे काही दिवस उत्तरेकडील बोजा जोगेश्वरीनेच वाहिला. पाडण्याचे काम रेल्वेने करावे आणि बांधण्याचे महापालिकेने, असे ठरले. विभागणी नीट दिसते. परंतु रुळांवरच्या भागाचा आराखडा रेल्वेच्या संमतीवाचून निश्चित होऊ शकत नाही, आणि येथेच पुढील घटनेचे बीज होते.

लोहमार्गावरील पुलाची मोकळी उंची ही लहरीने ठरणारी बाब नव्हे. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर पूर्वी १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह असे. त्याजागी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्याचे काम २०१२ मध्ये पुरे झाले. दाब वाढला की तारेपासून राखावयाचे अंतर वाढते. पुलांच्या उंचीसंबंधीचे रेल्वेचे नियमही काळाबरोबर बदलत गेले. नव्या गोखले पुलाचा रुळांवरील भाग त्या नियमांनुसार जुन्याहून बराच वर घ्यावा लागला. रेल्वेच्या बाजूने ह्यात दोष काढता येत नाही. पण उंची वाढली की चढही लांबतो. ३० मीटरांस १ मीटर हा चढाचा साधारण हिशेब धरला, तर दीड मीटर उंचीसाठी ४५ मीटर जास्त लांबी लागते. दाट वस्तीच्या अंधेरीत ती आणावयाची कोठून? शिवाय पश्चिमेस जुन्या पुलाच्या उताराला जुहूकडून येणारा बर्फीवाला उड्डाणपूल आधीच जोडलेला होता. जुन्या उंचीशी जुळवून तो बांधला होता.

नव्या पुलाची तुळई ९० मीटर लांब, १३.५ मीटर रुंद व सुमारे १,३०० टन वजनाची. डिसेंबर २०२३ मध्ये ती रुळांवर चढविली गेली. रेल्वेची वाहतूक काही तास थांबवून असे काम करणे कौशल्याचे, आणि ते सुखरूप पार पडले. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी पुलाची एक बाजू वाहतुकीस खुली झाली, आणि त्याच दिवशी सर्व शहरास दिसले की गोखले पूल आणि बर्फीवाला पूल एकमेकांस मिळत नाहीत. एकाचा रस्ता वर, दुसऱ्याचा खाली, मध्ये सुमारे दीड मीटरचे अंतर. जुहूकडून वर आलेल्या वाहनास पलीकडचा पूल समोर दिसे, पण त्यावर जाता येत नसे.

ह्या प्रसंगाची थट्टा पुष्कळ झाली. ती अनाठायी नव्हती, पण तिने खरी गोष्ट झाकली गेली. दोन्ही पुलांची मापे आपापल्या जागी बरोबर होती. बर्फीवाला पूल जुन्या गोखले पुलाशी अचूक जुळत होता. नवा गोखले पूल रेल्वेच्या नव्या नियमाशी अचूक जुळत होता. चूक कोणत्याही एका आराखड्यात नव्हती. ती दोन आराखड्यांच्या मध्ये होती, आणि तेथे पाहण्याचे काम कोणाचे ह्याचे उत्तर प्रत्येक संस्थेने दुसरीकडे बोट दाखवून दिले. उंचीतील फरक बांधकामाच्या काळात अजिबात कोणाच्या लक्षात आला नसेल, असे मानणे कठीण. तो लक्षात येऊनही ‘नंतर जोडू’ ह्या सदराखाली गेला असावा, हे अधिक संभवनीय. कारण ‘काम पूर्ण’ ह्या शेऱ्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी ‘आपल्या हद्दीपुरते पूर्ण’ असाच होतो.

उपाय सुचविला तो वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेने (व्ही. जे. टी. आय.). बर्फीवाला पूल पाडण्याची गरज नाही. त्याचा पूलाकडील भाग जॅकने उचलून खालच्या आधारांची उंची वाढवावी, असा तो उपाय. त्याप्रमाणे एप्रिल २०२४ मध्ये काम सुरू होऊन तो भाग एका बाजूस १,३९७ मिलिमीटर व दुसऱ्या बाजूस ६५० मिलिमीटर वर घेतला गेला. ४ जुलै २०२४ पासून दोन पुलांवरून सलग जाता येऊ लागले. मिलिमीटरपर्यंत अचूकता साधणारे अभियंते ह्या शहरात होते. पण सव्वा वर्ष आधी त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणत्याच एका कचेरीकडे नव्हता. गोखले पुलाची दुसरी बाजू पुरी होऊन संपूर्ण पूल ११ मे २०२५ रोजी खुला झाला.

ह्या दोन पुलांना ज्यांची नावे दिली आहेत त्यांचे स्मरण येथे केल्यावाचून राहवत नाही. नामदार गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. चु. दा. बर्फीवाला हे १९२६ साली मुंबईत स्थापन झालेल्या स्थानिक स्वराज्यविषयक अखिल भारतीय संस्थेचे प्रमुख. त्या संस्थेचे स्थानिकराज भवन ह्याच बर्फीवाला मार्गावर आहे. एकाने नगरपालिका चालविली, दुसऱ्याने नगरपालिका चालविणाऱ्यांना शिकविण्यात आयुष्य घातले. त्यांचे पूल एकमेकांस भेटावयास चार महिने लागले.

विभागणी मुळातच टाळता येईल काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मिठी नदीने हाहाकार केला. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याखालून वाहणाऱ्या त्या नदीसाठी पुढच्याच महिन्यात एक स्वतंत्र प्राधिकरण घोषित झाले. पण प्रत्यक्ष काम पुन्हा वाटलेच गेले : १७.८४ किलोमीटरपैकी ११.८४ महापालिकेकडे, ६ महानगर प्राधिकरणाकडे. वरचा भाग स्वच्छ करून खालचा तसाच ठेवल्यास पाणी कोठे थांबेल, हे सांगण्यास जलशास्त्राची पदवी लागत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीत महानगर नियोजन समितीची तरतूद झाली, तीतही भर नियोजनावर आहे. नियोजन हे आरंभाचे कृत्य आहे. सांधा हा शेवटी लागतो. कामाच्या शेवटी, शेजारच्या कामाच्या तोंडाशी जाऊन मोजणी करण्याचा व ती जुळत नसल्यास काम थांबविण्याचा अधिकार ज्याला आहे, असे पद मुंबईच्या सव्वाशे वर्षांच्या संस्थानिर्मितीत कोठे आढळत नाही. कांजूरमार्गच्या १०२ एकर जमिनीबाबत तर २०२० मध्ये राज्य व केंद्र यांच्यात मालकीचाच वाद न्यायालयात गेला आणि १६ डिसेंबरला मेट्रो आगाराच्या कामास स्थगिती मिळाली. तेथे सांध्याची वेळच आली नाही.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या पूर्वेकडील टोकास, विक्रोळी स्थानकाजवळ, रेल्वेवरून जाणारा आणखी एक पूल १४ जून २०२५ रोजी खुला झाला. रुळांवरील भाग मध्य रेल्वेचा, दोन्हीकडील पोहोचमार्ग महापालिकेचे. त्याचा कार्यादेश २०१८ सालचा होता. उद्‌घाटनाचा समारंभ न करताच त्यावरून वाहने सोडण्यात आली.